खोट आणि खोटं

पूर्णगडच्या महिपत तांडेलाच्या घरात लेक चिमा दिली, तर आपल्याला काय काय मिळेल याचा अंदाज गंगुबाईनं त्या सकाळी अंगण झाडता झाडताच घेतला. पहिलं म्हणजे पडाव. तांडेलाचा स्वतःचा पडाव होता, मंगळूरची कौलं भरून शिडावर थेट मुंबईला जाणारा. व्याह्याच्या पडावावर नवरा धाकू सुकाणूपाशी जाऊन बसला, तर तो दिवसभर घरात बसून तिच्या चुलीवर देखरेख करणार नाही. हा फायदा तर पडावाहूनही मोठा. दुसरं म्हणजे पूर्णगड हे तिचं माहेर. तिथं ती आजवर 'खालच्या वाडीतली गंगी' होती. विहीण होऊन गेली असती, तर त्याच पायवाटेवर बायका बाजूला सरून उभ्या राहिल्या असत्या. तिसरं, चिमाचं लग्न. हे तिसरं आलं याचं तिलाही जरा वाईट वाटलं, म्हणून केर भरताना तिनं ते वर घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

या सगळ्याच्या आड एकच माणूस बसला होता, आणि तो मागच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे गवतानं शाकारलेल्या खोपटात, प्रार्थना करत बसला होता.

धाकूचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र. बापानं हौसेनं ठेवलेलं हे नाव त्यानं आयुष्यभर खोटं बोलून मिरवलं. रत्नागिरीच्या बंदरापासून चिपळूणच्या पेठेपर्यंत त्याच्याइतकं गोल, गोड आणि पटेल असं खोटं बोलणारा दुसरा नव्हता. घरच्यांना त्याचा अभिमानच होता. मग तो मुंबईला गोदीत गेला, तापानं अंथरुणाला खिळला, मिशनच्या लोकांनी त्याला उठवला, आणि आगबोटीनं परत उतरला तो ख्रिस्ती होऊन. नाव नथनेल.

"नथ?" गंगुबाईनं तेव्हा विचारलं होतं. "ती तर आमच्या नाकात असते."

"पाद्रीबाबा म्हणाले, या नावाच्या माणसात कपट नव्हतं," तो म्हणाला.

गावानं हसून घेतलं. हरिश्चंद्र होता तोवर एक अक्षर खरं बोलला नाही, आणि हरिश्चंद्र नाव टाकल्याबरोबर खरं बोलायला लागला! जातीनं त्याला पुरा वाळीत टाकला, घरानं अर्धा. तो मांगरात राहायचा, त्याची बायको मथुरा घरात. जेवण ती नेऊन द्यायची. पाणी मात्र करवंटीतून, कारण बाटलेल्याच्या ओठाला घरातला पेला लागू द्यायचा नाही, हा गंगुबाईचा नियम होता.

पण बाटण्याची भीती तिला उगाच होती. खरा त्रास निराळाच निघाला. शेजारची हौसा कोयता मागायला आली, तेव्हा गंगुबाई नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "नाय गो, कुठं हरवलाय कोण जाणे." त्यावर नथनेलनं मागल्या दारातून मोठ्या आनंदानं हाक मारली, "वयनी, मिळाला! पडवीतच टांगलाय!" त्याला वाटलं, खरंच हरवला होता. हौसा कोयता घेऊन गेली ती अजून आणून देतेय. त्या दिवसापासून गंगुबाई खोटं बोलायचं सोडून आधी खरं तयार करायला शिकली. एखादी वस्तू घरात नाही म्हणायचं असलं, की ती आधी उचलून घराबाहेर ठेवायची.

आणि आता हा महिपत तांडेल. ज्या डोलकाठीवर त्याच्या पडावाचं शीड उभं होतं, ती त्याला हरिश्चंद्रानंच विकलेली. आतून किडलेली, वरून राळ चोपडलेली. गेल्या दिवाळीत नथनेल चालत पूर्णगडला गेला आणि हे आपल्या तोंडानं सांगून आला. तांडेलानं काठीला पहार टोचली तर पहार सरळ आत गेली. पडाव वाचला, माणसं वाचली. तांडेलानं याला चार शिव्या दिल्या आणि जेवायला घातलं. आपला मुलगा सखाराम लग्न करायला मुंबईहून येणार असं ठरल्यावर तांडेलानं धाकूला निरोप धाडला. पोर बघायला येतो, पण जे विचारायचं ते मी तुमच्या किरिस्तावाला विचारणार.

"सगळ्या गावात याला हाच एक माणूस सापडला!" गंगुबाईनं केरसुणी आपटली आणि ती चुलीशी गेली.

तिथं मथुरा नारळ खवत होती. माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, सगळं तिच्याच हातचं. जावेच्या हाताला चव होती हे गंगुबाई कोणापाशी बोलत नसे, पण तिला चुलीपासून उठूही देत नसे.

"चिमे, इकडं ये," गंगुबाई म्हणाली. "सगळ्या भांड्यांना हात लाव."

"कशाला गो आये?"

"काकाला विचारलं तर सांगता आलं पायजे, चिमाचा हात लागलाय म्हणून."

चिमा हसत सुटली. एकोणीस वर्षांची घोडी, पण हसणं अजून परकरातलं. तिनं तांब्याला, तव्याला, पातेल्याला, सगळ्यांना हात लावला आणि शेवटी, मागल्या दारातून काकाला दिसेल असा, मांजरालाही लावला.

"कढीला नुसता हात नको. काहीतरी घाल त्यात."

चिमानं मूठभर मीठ घातलं. मथुरा 'अगो, घातलंय मी' म्हणेपर्यंत ते विरघळलं होतं.

"बघा बाय," मथुरा जावेला म्हणाली, "या माणसापायी काय काय करायला लागतं. परवा मी विचारलं, लुगडं कसं दिसतं? तर म्हणतात, रंग उतरलाय. अहो, पूर्वी हाच माणूस मला सांगायचा की माझ्यासारखी बाई आगबोटीतसुद्धा बघितली नाय."

"मग सोड की त्याला."

मथुरा खवणीवरून उठली नाही. "पूर्वी रात्री कुठं होतात विचारलं, की इतकं गोड उत्तर यायचं की मला झोप लागायची नाय. आता विचारलं की उत्तर येतं, आणि झोप लागते." तिनं खोबऱ्याची मूठ पिळली. "लुगड्याचं काय, दुसरं नेसता येतं."

गंगुबाईला हे बोलणं आवडलं नाही. जावा भांडत असल्या की घर ताब्यात राहतं. जाऊ नवऱ्यावर खूश असणं बरं नव्हे.

धाकूचं माडीचं मडकं तिनं स्वतः उचलून बागेच्या दगडी गडग्यापलीकडं नेऊन ठेवलं. 'घरात माडी नाही' हे आता खरं झालं. मग करवंटीत पाणी घेतलं आणि ती मांगराशी गेली.

"भावजी, तुमचं डोकं दुखतंय ना आज?"

"नाय वयनी. चांगलं हाय."

"दुखेल. जरा उन्हात बसा."

नथनेल हसला. पाणी प्यायला. "वयनी, मला माहीत हाय तुम्ही कशाला आलात. चिपळूणचं ना?"

चिपळूणचंच होतं. चार वर्षांपूर्वी चिमाचं लग्न चिपळूणच्या रघूशी ठरलं होतं. पेठेत त्याचं दोरखंडाचं दुकान, मुलगा सरळ. तेवढ्यात आरे-वाऱ्याकडून नारळीच्या बागा असलेल्या घरातून विचारणा आली आणि गंगुबाईचं मन तिकडं धावलं. पण ठरलेलं मोडायला कारण हवं. तेव्हा हरिश्चंद्र चिपळूणला गेला आणि पेठेत अगदी हळू आवाजात, कोणाला सांगू नका म्हणत, सगळ्यांना सांगून आला की रघूला फेफरं येतं. लग्न मोडलं. आरे-वाऱ्याचं स्थळ पुढं भलत्याच घरी गेलं, आणि चिमा राहिली ती राहिली.

"त्याचं काय एवढं!" गंगुबाई म्हणाली. "तुमची तर म्हणे सगळी पापं धुतली तुमच्या देवानं. मग आता परत कशाला काढायची?"

"माझी धुतली, वयनी. पण मी जे रघूला फासलं ते अजून त्याच्या अंगावर हाय. त्याला अजून कोण पोर देत नाय. मी धुतलेला आणि तो तसाच, हे मला रात्री बोचतं." त्यानं करवंटी खाली ठेवली. "मी आपणहून तोंड उघडणार नाय आज. चिमाचा दिवस हाय. पण विचारलं तर मिटणार पण नाय."

"ती जुनी जीभ काय मुंबईत टाकून आलात?"

"जीभ जुनीच हाय. मालक बदललाय. ती रोज सकाळी विचारते मला, एकदाच बोलू काय, एकदाच? मग मला गुडघ्यावर बसायला लागतं."

गंगुबाईनं जे विचारायला आली होती ते आता विचारलं. "आणि माझं नाव?"

"तुमचं ते तुमचं. दुसऱ्याचं पाप माझ्या तोंडून निघायचं नाय."

करवंटी घेऊन ती परत आली, तेव्हा पडाव पुन्हा थोडा किनाऱ्याकडं आल्यासारखा वाटला.

महिपत तांडेल आला तो भर दुपारी, बैलगाडीनं. काळा, रुंद, उन्हाकडं बघून बघून डोळे बारीक झालेला. ओट्यावर बसला, चिमाला एकदा बघितलं, मान हलवली, जेवला. कढीचा घोट घेऊन क्षणभर थांबला, पण समुद्रावरच्या माणसाला खारटाचं नवल नसावं. मग अंगणात दूर, रातांब्याच्या सावलीत बसलेल्या नथनेलला त्यानं हाक मारली.

"हां, बोल रे किरिस्तावा. सैपाक कोणी केला?"

दाराआड गंगुबाईनं चिमाचा दंड धरला.

"माझ्या बायकोनं. चिमाचा हात सगळ्याला लागलाय."

गंगुबाईनं दंड सोडला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिनं सगळ्याला हात लावला. मांजराला पण."

आत चिमा तोंडात पदर कोंबून खाली बसली. तांडेलाच्या मिशा हलल्या. "बरं. घरात पितं कोण?"

"घरात कोण पीत नाय," नथनेल म्हणाला. धाकू ऐटीत मांडी बदलून बसला. "दादा गडग्याकडं जाऊन पितो."

धाकूची मांडी परत पहिल्या जागी आली.

"माझ्याकडं सगळेच पितात," तांडेल म्हणाला. "आता नीट ऐक. तुमच्या पोरीचं चिपळूणला मोडलं. पोराला फेफरं होतं म्हणून मोडलं, असं तुमच्याकडनं कळलं. मी पडावाचा दोर त्याच रघूकडून घेतो. वर्षानुवर्षं घेतोय. त्याच्या दुकानात अख्खे दिवस बसलोय. त्याला साधी शिंक येताना बघितली नाय. मग फेफरं खोटं. आणि फेफरं खोटं, तर लग्न मोडलं त्याला कारण दुसरं. पोरीत काय खोट हाय?"

गंगुबाईला वाटलं, आपला श्वास ओट्यापर्यंत ऐकू जात असेल. चिमाचं हसू केव्हाच थांबलं होतं. तिनं आईकडं बघितलं. नुसतं बघितलं.

नथनेल उठून उभा राहिला. "पोरीत खोट नाय, तांडेल. खोटं होतं. ते माझं."

"म्हणजे?"

"फेफरं मी लावलं रघूला. चिपळूणच्या पेठेत उभा राहून मी बोललो. त्याला काही नव्हतं आणि मला ते माहीत होतं."

"तुझं काय गेलं होतं त्याच्याशी?"

"काहीच नाय."

"मग सांगितलं कोणी बोलायला?"

"जीभ माझी होती," नथनेल म्हणाला.

गंगुबाईचं डोकं भराभर चालायला लागलं. तांडेलाला पोरगी निर्दोष दिसली. खोटं बोलणारा बाटून गेलेला, घराबाहेरचा. म्हणजे घर स्वच्छ. फक्त दाराआड गप्प उभं राहायचं, बस्स. पडाव, माहेरची पायवाट, धाकूचं सुकाणू, सगळं चालत दारापर्यंत आलं होतं.

ते दार उघडं पाडलं धाकूनं. बायकोच्या शब्दाबाहेर ज्यानं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तो एकदम छाती काढून उठला. "बघितलंत तांडेल? हा असाच! पहिल्यापासून! घराला काळं फासलं यानं. आम्ही साधी माणसं, आम्हाला काय ठाऊक! आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाय!"

नथनेलनं मान खाली घातली. मथुरा पाठीमागं खांबाला धरून उभी होती. तिनं जावेकडं बघितलंही नाही, आणि हे बघितलं नाही तेच गंगुबाईला झोंबलं. वर पुन्हा हा नवरा! चिपळूणला जायच्या आदल्या संध्याकाळी हाच चटईवर पडून सगळं ऐकत होता, आणि मधूनच म्हणाला होता, "काहीतरी जोरदार सांगा."

"बसा खाली!" गंगुबाई दारातून बाहेर आली. पदर डोक्यावर, हात कमरेवर. "साधी माणसं म्हणे! महिपतदादा, जीभ भावजींची होती. शब्द माझा. फेफरं मी काढलं. भावजी तर नुसता दमा म्हणणार होते!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. शेवटच्या वाक्यात जरा अभिमानच होता, तोही तिनं ऐकला. परत घेण्याजोगं काही उरलं नव्हतं.

महिपत तांडेल आधी नुसता बघत राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की झाडावरचे कावळे उडाले. "दमा म्हणणार होता! अगो बाय, खालच्या वाडीतली गंगी ती तूच. विहिरीत मगर हाय म्हणून सांगून सगळ्यांच्या आधी पाणी भरायचीस!"

ओट्यावर तो मग बराच वेळ मिशांवरून हात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "पोर चांगली हाय. पण मी नाय नेणार. राग नाय माझा. पण ही पोर रघूच्या वाटणीची. त्याचा डाग दुसऱ्या कोणाच्यानं निघायचा नाय. ज्या घरानं फेफरं लावलं, त्याच घरानं आपली पोर दिली, की पेठेला आणखी काय सांगायला नको."

"मला कोण विचारतंय काय?" चिमा आतून म्हणाली.

सगळे दाराकडं वळले.

"बोल गो," नथनेल म्हणाला.

"तो बघायला आला होता तेव्हा कढी मी केली होती. खारट झाली होती. त्यानं दोनदा मागून घेतली, वर चांगली झालीय म्हणाला." ती उंबऱ्यापर्यंत आली. "काका, ते पाप होतं काय?"

नथनेलनं विचार केला. प्रामाणिकपणे, बराच वेळ केला. "मला विचारायला लागेल," तो म्हणाला.

दुसऱ्याच पहाटे तो चिपळूणच्या वाटेला लागला आणि त्याच्यामागं, कोणाला न विचारता, मथुरा. "खरं सांगताना यांची जीभ अडखळते," ती जावेला म्हणाली. "कोणीतरी ढकलायला हवं." पेठेत ज्या ओट्यावर उभं राहून खोटं सांगितलं होतं, त्याच ओट्यावर उभं राहून त्यानं खरं सांगितलं, पण या वेळी मोठ्यानं. रघूच्या आईनं आधी त्याला केरसुणीनं झोडपला. मथुरा मध्ये पडली नाही. झोडू दे, म्हणाली, झोडण्याजोगंच हाय. मग म्हातारीनंच पाट मांडला. रघूनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अजून कढीत तेवढंच मीठ घालते काय?"

आता या व्यवहारात कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं, ते बघायला हवं. रघूला त्याचं नाव परत मिळालं, आणि चिमाला रघू. तांडेलानं सखारामसाठी जयगडची पोर बघितली, म्हणजे त्याचं काही गेलं नाही. धाकूचा पडाव गेला, आणि गडग्यापलीकडचं मडकं तांडेलाच्या गाडीवानानं रिकामं केलं ते निराळं. नथनेलच्या पाठीवर वळ उठले, पण चिपळूणहून परत आल्यावर मथुरा घराच्या पायरीवर थांबली नाही, आपली बोचकी घेऊन सरळ मांगरात गेली. तेव्हा त्याचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही.

राहिली गंगुबाई. पडाव गेला. माहेरच्या पायवाटेवर आता ती विहीण नव्हे, विहिरीतली मगर म्हणून ओळखली जाणार. नवरा पुन्हा चुलीशेजारी येऊन बसला. आणि चुलीशी बसायला जाऊ नव्हती. म्हणजे सगळ्यांच्या वतीनं भरलं तिनंच.

त्या संध्याकाळी तिनं स्वतः सैपाक केला. पानं घेतली, आणि एक पान मांगराकडं न्यायला उचललं. मग ते परत ठेवलं. कोनाड्यातली करवंटी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि चुलीत सारली. ती तडतडत पेटली. फळीवरचा तांब्याचा पेला काढून त्यात कढी ओतली.

"भावजी!" तिनं मागल्या दारातून हाक मारली. "इथं या जेवायला. दोघं पण या. मला काय तिथं खेपा घालायला वेळ नाय."

नथनेल आला, पडवीत बसला. पेल्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. डोळे मिटून आपली प्रार्थना केली आणि कढीचा घोट घेतला.

धाकू बघत होता. मथुरा बघत होती. चिमा दाराशी ओठ दाबून उभी.

"कशी झालीय?" गंगुबाईनं विचारलं. काय उत्तर येणार ते तिला विचारण्याआधीच ठाऊक होतं.

"मीठ जास्त झालंय, वयनी."

आणि त्या सगळ्या प्रकरणात गंगुबाईला पदरचं काही न भरता मिळालं ते एवढं एक खरं उत्तर.